सगळ्यांच्या नावाची मूठ

"यंदाचा रोट माझ्याकडे. तुम्ही फक्त यायचं आणि पाटावर बसायचं. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही!"

कुंदनने हे फोनवर वडिलांना इतक्या खड्या आवाजात सांगितलं, की दीपनगरच्या क्वार्टरमधली भिंतीवरची पालसुद्धा क्षणभर आदराने थांबली.

पलीकडून भाईदास आबा म्हणाले, "बरं." आबा एकूणच कमी बोलायचे. कापसाच्या व्यापाऱ्याशी भावसुद्धा मानेनेच ठरवायचे. पण कुंदनला त्या 'बरं'मध्ये शंका ऐकू आली, आणि मग तर त्याने ठरवूनच टाकलं. या वेळी दाखवून द्यायचंच.

काय दाखवून द्यायचं? तर आपण मोठे झालो हे. त्याला नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, नावावर क्वार्टर होतं. बाहेरून बघितलं तर माणूस पूर्ण तयार. आतून मात्र कुंदनला कायम वाटायचं, की आपल्याला कुणीतरी दुसऱ्याच्याच लग्नात वरबाप म्हणून उभं केलंय आणि आता सगळे आपल्याकडे बघून विचारताहेत, पुढचा विधी कोणता? गॅसचा नंबर लावायचा राहिला म्हणून सासरे आले त्या दिवशी चहा शेजारून आणावा लागला होता. बँक केवायसी मागत होती, विमावाला फोन करत होता, गिझर शॉक देत होता. घरी असताना या सगळ्या गोष्टी आपोआप व्हायच्या. कोण करायचं कुणास ठाऊक. बहुधा आबा.

जे खानदेशाबाहेर सांगावं लागतं

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर साडी. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, पाळण्यातल्या पोरासकट, सव्वा मूठ गहू काढायचे आणि दळायचे. त्या पिठाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट. तो फक्त घरच्यांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. उरलेलं पीठ हाही रोटच. पौर्णिमेच्या आत तो संपला पाहिजे. नाहीच संपला तर आपल्या स्वतःच्या मातीत खड्डा करून पुरायचा.

एवढं सगळीकडे. पण कुंदनच्या आजाने, सुपडू बाबांनी, यात घरापुरती एक भर घालून ठेवली होती. ज्याला रोट पुरावा लागला, त्याने पुन्हा कानबाई बसवायची नाही. "ज्याले आपला माणसं खाऊ घालता येत नही, त्यानी देवीले कसाले बोलावानं?" असं बाबा म्हणायचे आणि बिडी पेटवायचे.

चारुलताने, म्हणजे कुंदनच्या बायकोने, हे सगळं नीट ऐकून घेतलं.

"माझ्या नावाची मूठ नाही?"

"नाही. फक्त पुरुषांची."

"पण लाटायच्या मी?"

"मी पण लाटेन."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' आबांच्या 'बरं'च्या सख्ख्या बहिणीसारखं होतं.

मुठी

शनिवारी कुंदन गव्हाच्या पोत्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याने डोळे मिटले.

डोळे मिटताच भडगावकडचं घर आलं. ओट्यावर सुपडू बाबा बसलेले, पुढ्यात परात, आणि सगळी पोरं रांगेत. बाबा एकेक नाव हाका मारल्यासारखं घ्यायचे आणि मूठ परातीत सोडायचे. आपलं नाव आलं की "हाजर" म्हणायचं. चुलतभाऊ वना नेहमी दोनदा "हाजर" म्हणायचा आणि टपली खायचा. रात्री एकाच लांबलचक गोधडीखाली सगळे. कडेला झोपेल त्याला मच्छर, मध्ये झोपेल त्याला लाथा. तरी मध्येच झोपायची मारामारी. तेव्हा कुंदनवर कसली म्हणून जबाबदारी नव्हती. फक्त नाव आल्यावर "हाजर" म्हणायची.

त्याच क्रमाने, त्याच सुरात कुंदनने नावं घ्यायला सुरुवात केली. भाईदास. लोटन. प्रेमराज. मग लोटन नाना आणि प्रेमराज काका या आबांच्या भावांची मुलं, सुरतचा वना, वनाची मुलं. धुळ्यात नानांकडे नुकतंच एक बाळ झालं होतं, त्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं. त्याची मूठ 'बाळ' म्हणून. आणि सव्वा मूठ म्हणजे नक्की किती, ते विचारायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे प्रत्येक वेळी जरा सढळच.

चारुलता दारात उभी होती. "एवढे सगळे येणार आहेत?"

"रोटाला सगळे येतात. पद्धतच आहे."

"तू शेवटचा कधी गेला होतास रोटाला?"

कुंदनची मूठ हवेत थांबली. "पुण्याला डिप्लोमाला जायच्या आधी. नंतर सुट्टीच नाही मिळाली."

"मग एकदा फोन करून विचार ना."

"घरातल्या माणसांना येणार का म्हणून विचारायचं? आमंत्रण द्यायचं? ते काय पाहुणे आहेत?"

गिरणीवाल्याने प्रथेप्रमाणे गिरणी धुऊन-पुसून ठेवली होती. त्याने पोतं उचललं, खाली ठेवलं, कुंदनकडे बघितलं आणि विचारलं, "रोट म्हणालास ना? मला वाटलं लग्न आहे."

रविवार

पुरण शिजवायला कॉलनीच्या गणेश मंडळाचं पातेलं आणलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून बाथरूमच्या बाहेर स्टोव्ह मांडला. कानबाई खोलीत टीव्हीच्या टेबलावर बसली, फार देखणी दिसत होती. आबा आणि माय, म्हणजे मंजुळाबाई, सकाळच्या गाडीने आले. मायने सुनेच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि दोघींनी पोळ्यांची चवड रचायला घेतली. चवड वाढली. मग तिच्या शेजारी दुसरी सुरू झाली.

दुपार कलली. आरती झाली. कुंदन तिसऱ्यांदा गेटपर्यंत जाऊन आला.

"आबा, नाना कितीच्या गाडीने निघालेत?"

"कोण, लोटन? तो कसाले ई?"

"कसाले म्हणजे? रोटाला."

"त्याना रोट त्याना घर शे. प्रेमराजना जळगावले शे."

"कधीपासून?"

"तू पुण्याले गया तव्हपासून."

कुंदन पाटावर बसला. "भांडण झालं का? मला कुणी सांगितलंच नाही."

"भांडण कसाले व्हई?" आबा म्हणाले. "चुली वेगळ्या झाल्या. कोणले सुट्टी राहस, कोणले नही. एक साल म्हणे आठेच करी लेतस. मग तठेच रही गयं."

एवढंच. ज्या घरासाठी कुंदनने मुठी घेतल्या होत्या, ते घर कुणी मोडलं नव्हतं. ते रविवारच्या सुट्ट्यांमधून हळूहळू सांडून गेलं होतं, आणि त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं.

आबांनी पोळ्यांच्या चवडींकडे बघितलं. मग न उघडलेल्या पिठाच्या डब्याकडे. "तू कोणाकोणाना नावनी मूठ लिधी?"

"सगळ्यांच्या."

आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की उचकी, ते कळलं नाही. ते मान खाली घालून जेवत राहिले.

सोमवारी तापीवर कानबाईचं विसर्जन झालं. तिथून नारळ घरी आणून, पुसून, आबांनी तो कुंदनच्या हातात दिला. "कानबाई आते तुनी. पौर्णिमापावत रोट संपाड." आणि एरवी कमी बोलणारा हा माणूस गाडीत बसल्यावर खिडकीतून पुन्हा म्हणाला, "संपाडजो."

खाणे

सकाळी चहाबरोबर रोट. दुपारी दुधाबरोबर रोट. संध्याकाळी तुपाबरोबर, बदल म्हणून. चारुलताने पिठाचे दिवे उकडून पाहिले, वरणातली फळं करून पाहिली. डबा खाली जाईना. जणू रात्री कुणीतरी येऊन त्यात भर टाकत होतं.

वीजकेंद्राच्या प्लांटमध्ये योगेंद्र, कुंदनचा शिफ्टमधला जोडीदार, रोजच्या सवयीने त्याच्या डब्यात हात घालायला गेला. कुंदनने डबा झटकन छातीशी धरला.

"अरे?"

"नको. म्हणजे, देता येत नाही."

"पुरणपोळी आहे ना ती?"

"हो."

"आणि मला देता येत नाही."

"घरच्यांशिवाय कुणाला चालत नाही."

योगेंद्र नागपूरकडचा. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने फक्त एवढं बघितलं, की आपला मित्र भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांत पाणी आणून, सहावी पुरणपोळी गिळतोय. घरी जाऊन त्याने बायकोला, पूनमला, सांगितलं, की कुंदनचं घरी काहीतरी बिनसलंय. पूनमने ते शेजारी सांगितलं. संध्याकाळपर्यंत दीपनगर कॉलनीत ठरलं, की चारुलताने स्वयंपाक सोडलाय आणि सणाच्या उरलेल्या शिळ्या पोळ्यांवर तो बिचारा दिवस काढतोय.

दुसऱ्या दिवसापासून डबे यायला लागले. पूनमची वांग्याची भाजी. वरच्या मजल्यावरून कढी. समोरच्या धुरपदाबाईंकडून कळण्याची भाकरी आणि ठेचा, सोबत चारुलताला एक सल्ला: "पोरी, माणूस कितीही रागाला आला तरी चूल बंद ठेवू नये."

"काकू, चूल बंद नाही हो. चूल बंदच होत नाहीये."

"असंच म्हणतात सगळ्या," धुरपदाबाई मायेने म्हणाल्या.

आता ते डबे परत करायचे. रिकामे कसे देणार? आणि त्यात रोट तर घालता येत नाही. म्हणून चारुलताने कॉलनीला परत द्यायला शंकरपाळे तळले. शंकरपाळे चांगले झाले. म्हणून कॉलनीने आणखी भाज्या पाठवल्या.

घरात इतकं अन्न कधीच नव्हतं आणि दोघांना इतकी कमी भूक कधीच नव्हती.

जळगावची फेरी

कुंदनला वाटलं, प्रेमराज काका घरचेच. वेगळ्या चुलीचे असले तरी बाबांचेच. त्यांना रोट चालतो. त्याने मोठा डबा भरला आणि मोटारसायकलवर जळगाव गाठलं. काका ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. डबा बघताच त्यांचा चेहरा असा झाला, जणू पुतण्याने साप आणलाय.

"अरे वा. रोट का? असू दे, असू दे. ठेव तिकडे."

घरी काकूने आग्रहाने जेवायला घातलं. ताटात रोट होता. काकांच्या घरचा. कुंदनने देवीचं नाव घेऊन तो खाल्ला. निघताना काकूने त्याचाच डबा हातात दिला. उचलताना त्याच्या लक्षात आलं, की तो येताना होता त्याहून जड आहे.

"काकू, हे काय?"

"रिकामा डबा आपल्यात परत देतात का रे?"

"अहो, पण मी हा रिकामा करायलाच..."

"आणि ही पिशवी. चारुलताला सांग, पीठ ताजं आहे."

फोन, एका बाजूने

"माय? हो, बरा आहे. ... नाही, सहज केला. ... हो, संपत आलाय. ... अगं खरंच. ... नाही गं, रडत नाहीये. पुरण गरम होतं. ... आबांना नको देऊ फोन. नको. ... माय, तू आणि आबा हे सगळं कसं करायचा? गॅस, लाइट बिल, आमच्या फिया, रोट, सगळं एकाच वेळी? ... म्हणजे काय, होऊन जायचं? ... नाही, काही नाही. ठेवतो. ... हो, झाकून ठेवलाय."

पौर्णिमा

पुरायचं तर स्वतःच्या मातीत. कॉलनीतली माती सरकारी. आपली म्हणावी अशी माती एकच होती, भडगावच्या अलीकडे, गिरणेकाठी. तीही अजून कागदावर तिघा भावांची एकत्र.

कुंदन आणि चारुलता सकाळीच मोटारसायकलवर निघाले. मध्ये पिठाचा डबा, मागे पोळ्यांची पिशवी आणि गोणपाटात गुंडाळलेलं पावडं, ज्याचा दांडा एरंडोलमध्ये एका पोलिसाच्या टोपीला लागला. कुंदनने घरी काही कळवलं नव्हतं. गुपचूप पुरायचं, गुपचूप परतायचं. मग पुढच्या वर्षी काहीतरी कारण काढून कानबाई आबांना परत. नारळ घेऊन जा म्हणायचं, तुम्हीच बरे. हे वाक्य त्याने रस्ताभर मनात म्हणून पाहिलं.

कपाशी कमरेला आली होती. तिच्यातून वाकून दोघं बांधाकडे निघाले. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. खप्. खप्.

बांधाच्या त्या बाजूला धुळ्याचे लोटन नाना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खणत होते. शेजारी शेवंता काकू छत्री घेऊन उभ्या, आणि त्यांच्या पायाशी एक स्टीलचा डबा.

एक बगळा उडाला.

"नाना, तुम्ही इथे?"

"मी? मी बांध देखाले उनू."

"पावडं घेऊन?"

"पावडंशिवाय बांध दिसस का?" नाना चिडून म्हणाले. मग त्यांची नजर कुंदनच्या खांद्यावरच्या पावड्यावर गेली. "आणि तू रे?"

"मी पण. बांध."

"पुरे करा दोन्ही जण," शेवंता काकू म्हणाल्या. "सांगी टाका आते. दरसाल उरस, पोरा. दरसाल आठे येतस आम्ही."

"पण तुमच्या घरी तर मोजकीच माणसं."

"माणसं मोजकी. नावं बठ्ठी, पुरा घरनी."

"म्हणजे?"

"तुना नावनी मूठ लेतस, तुना बापनी लेतस, प्रेमराजनी, वनानी. माणूस मरस तव्हय त्यानी मूठ बंद व्हस. जितं माणूस शे, तो फक्त जेवाले येत नही म्हणून त्यानं नाव कसं गाळानं?"

एवढी वर्षं तो पुण्यात वडापाव खात होता, आणि धुळ्यात दर श्रावणात कुणीतरी त्याच्या नावाची मूठ काढून परातीत सोडत होतं. "हाजर" म्हणायला तो नव्हता इतकंच.

विहिरीकडून खोकला ऐकू आला. प्रेमराज काका होते. हातात विळा, जणू गवत कापायला आलेत. काखेत डबा.

"मी मोटार बघायला..." त्यांनी सुरुवात केली, चौघांचे चेहरे बघितले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

चारुलताने पुढे होऊन त्यांच्या डब्याचं झाकण उघडलं. "काका, ह्या तर माझ्या पोळ्या."

"कशावरून?"

"कडा बघा ना. अशी महाराष्ट्राच्या नकाशासारखी पोळी आपल्या घरात दुसरं कोण लाटतं?"

काकांनी मान खाली घातली. आणि मग सगळ्यांनीच घातली, कारण लिंबाखालून आबा चालत येत होते. त्यांच्या खांद्यावर पावडं होतं. नवीन दांड्याचं, धार लावलेलं. ते येऊन कुंदनसमोर थांबले.

"चिखल शे. तुनं चालाव नही. हाई ले."

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"लोटन बांधवर पुरस. प्रेमराज हिरीकडे. दरसाल माती उकरेल दिसस." त्यांनी हातातल्या पावड्याकडे बघितलं. "मी लिंबखाले."

"तुम्ही सुद्धा?"

"बठ्ठासना नावनी मूठ लिधी ते उरीच ना."

तीन भाऊ इतक्या वर्षांनी एका बांधावर उभे होते, आणि एकमेकांकडे न बघता तिघंही कपाशीचं निरीक्षण करत होते. लोटन नानांनी हळूच विचारलं, "मग बाबाना नियम? पुरना त्यानी कानबाई बसाडानी नही?"

"बठ्ठाच पुरतस," आबा म्हणाले. "मग कोणीच बसाडानी नही का?"

आबांना बाबांच्या नियमावर प्रश्न विचारताना कुंदनने पहिल्यांदाच ऐकलं. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"आजपावत येळ शे. घर चाला."

घर

मायने पोळ्या भाजायचं खापर चुलीवर मांडलं. तीन घरांचं पीठ एका परातीत मळलं गेलं, तेव्हा कुणाचं कुठलं ते कळायला मार्ग उरला नाही. फोन गेले. राखीची सुट्टी होती. धुळ्याची मुलं एका गाडीत कोंबून आली, ते बिननावाचं बाळसुद्धा. सुरतचा वना व्हिडिओ कॉलवर आला आणि त्याच्या नावाची पोळी त्याला दाखवून लोटन नानांनी खाल्ली. वनाने तिकडून दोनदा "हाजर" म्हटलं. राखी बांधायला आलेल्या कुंदनच्या बहिणीने, सारिकाने, ओट्यावरून विचारलं, "आणि आम्हाला काय?"

"तुम्हाला पिठलं."

"दादा, ओवाळणी दुप्पट."

कुंदन मध्ये बसला होता. एका बाजूने कुणीतरी कोपर मारत होतं, दुसऱ्या बाजूने कुणीतरी त्याच्या ताटात पोळी ढकलत होतं. त्याच्या पोटात जागा नव्हती आणि त्याला उठावंसंही वाटत नव्हतं. या गर्दीत पुन्हा त्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. चंद्र उगवायच्या आत परात पुसली गेली. पावडी भिंतीला कोरडी उभी होती.

हात धुताना आबा सगळ्यांना म्हणाले, "पुढला सालपासून रोट एकच."

"बरोबर," प्रेमराज काका म्हणाले.

"बठ्ठा एक जागे," नाना म्हणाले.

कुंदनने सुटकेचा मोठा श्वास घेतला. "मग मी उद्याच नारळ घेऊन येतो, आबा. इथेच बरं. मोठं अंगण आहे."

आबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने शेत विकायची गोष्ट काढली. "दिधेल कानबाई परत लेतस का? कानबाई तुना घर शे. बठ्ठा दीपनगरले."

दोघं अंधारात परत निघाले.

"आपल्याकडे एकच खोली आहे, हे सांगितलंस ना?" चारुलताने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"नाना म्हणाले, गच्चीवर झोपू."

"श्रावणात?"

कुंदनने एरंडोलच्या बाजारात गाडी उभी केली. एक दुकान अजून उघडं होतं. दोरखंड, बादल्या, पावसाळी कागद.

"ताडपत्री आहे का हो?"

"आहे ना. किती माणसांसाठी?"

कुंदन बोटांवर नावं मोजायला लागला. भाईदास, लोटन, प्रेमराज...

"दोन द्या," चारुलता म्हणाली.